ब्रिटनमध्ये लेकीचं नाव ठेवताना : पहिलं नाव, मधलं नाव

इंग्लंड-वेल्समध्ये जन्माची नोंदणी ४२ दिवसांत करावी लागते, स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांत. बारसं बाराव्या दिवशी करा नाहीतर सव्वा महिन्याने, रजिस्ट्रारसमोर बसायच्या आधी नाव पक्कं झालेलं बरं. मधल्या नावाची सक्ती नाही, ते वडिलांचंच हवं असंही नाही. म्हणूनच बहुतेक घरांत खरी चर्चा रंगते ती मधल्या नावावर. तुम्ही काय ठरवलं, का ठरवलं आणि ते नाव वापरात कसं रुळलं, जरूर लिहा.

एडिनबरा
नवरा स्कॉटिश. त्याच्या मनात पहिल्यापासून 'आयला'. इकडे हे नाव घरोघरी. पण आमच्या साताऱ्याच्या घरात वडीलधाऱ्यांसमोर हा शब्द कुणी उच्चारत नाही. फोनवर सांगितलं तर आई एकदम गप्पच झाली. आजीला नातीला मोकळेपणी हाक मारता येणार नसेल तर ते नाव नकोच, यावर मी ठाम राहिले. मग तारा, लीला, माया, मीरा अशी नावं काढली आणि सासऱ्यांना एकेक मोठ्याने म्हणायला लावलं. 'मीरा'तला र त्यांच्या तोंडी असा काही घोळला, की तिथेच ठरलं. मधे एल्स्पेथ, सासूबाईंच्या आईचं नाव. शार्लट एलिझाबेथ डायना या राजकन्येच्या नावातही पणजी आणि आजी आहेतच की.

लेस्टर
थोरलीच्या वेळी आपल्या पद्धतीने नवऱ्याचं नाव मधे घातलं. नोंदणीत काहीच अडलं नाही. पण ब्रिटिश पासपोर्टवर मधल्या नावाला वेगळा रकाना नसतो, आडनाव सोडून सगळं 'गिव्हन नेम्स'मध्ये सलग येतं. 'हेही हिचंच नाव का?' हे जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, हमखास विचारतात. धाकटीला पणजीचं नाव दिलं, द्वारका. एक नक्की सांगेन, स्पेलिंग पहिल्याच कागदावर नीट तपासा. पुढे ओसीआयच्या (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीच्या कार्डाच्या) अर्जात पासपोर्टवरचंच नाव अक्षर न् अक्षर लागतं.

कार्डिफ
आमची निया. वेल्श लोकांना ते त्यांचं वाटतं, नागपूरला आपलं. मधलं नाव ठेवलंच नाही आणि कुठे अडलंही नाही.

हॅरो
आम्ही इथल्यांसाठी नाव सोपं केलं नाही. मृण्मयी. नर्सरीच्या बाईंना नाव तोडून, रोमन अक्षरांत लिहून दिलं, त्यांनी मनापासून घोकलं. आता वर्गातली सगळी चिमुरडी ते स्वच्छ म्हणतात. ज्याला म्हणायचं असतं त्याला येतं, हे मी स्वतः पाहिलंय. मधे माझं नाव आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचा निर्णय झाला, तेव्हा माझ्या सासऱ्यांनीच हे सुचवलं. मला फार बरं वाटलं.

रेडिंग
आईबाबांचा व्हिसा लांबला, त्यामुळे नोंदणी आधी आणि बारसं नंतर. आत्याने पाळण्यात 'शरयू' म्हणून कानात सांगितलं, ते दाखल्यावर नव्हतं. पण इंग्लंड-वेल्समध्ये नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव बदलता किंवा वाढवता येतं. रीतसर फॉर्म भरून 'शरयू' मधलं नाव म्हणून घातलं. पासपोर्टचा अर्ज तोवर मुद्दाम थांबवला होता. कुणाचं बारसं असं मागे पडणार असेल तर तुम्हीही थांबा.