बेळगावात बी.कॉम., कोल्हापुरात एम.कॉम.: टीसी, मायग्रेशन, एलिजिबिलिटी आधी कुठलं?

खानापूर_बीकॉम:
राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजात बी.कॉम.चं सहावं सेमिस्टर सुरू आहे. एम.कॉम. शिवाजी विद्यापीठातून करायचा विचार आहे. कॉलेज म्हणतं टीसी घेऊन जा, कोल्हापूरची मैत्रीण म्हणते मायग्रेशन लागेल, आणि एलिजिबिलिटी हे आणखी वेगळंच. आधी काय काढायचं? मार्क्स कार्डावर सीजीपीए आहे, फॉर्ममध्ये टक्के विचारतात. गाव महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत आहे आणि जातीचा दाखला कर्नाटकातल्या मागासवर्गाच्या ३बी गटाचा आहे, त्याचा तिकडे उपयोग होतो का?

दाखल्याची_फाईल:
ताई, तिन्ही कागद वेगवेगळे आहेत. टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, कॉलेज देतं. मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचा दाखला, जुनं विद्यापीठ देतं, म्हणजे तुमच्या बाबतीत राणी चन्नम्मा. एलिजिबिलिटी हा दाखला नव्हे, ती नव्या विद्यापीठाने केलेली तपासणी आहे: बाहेरून आलेली पदवी त्या अभ्यासक्रमाला चालते का आणि कागद खरे आहेत का. तिचा फॉर्म प्रवेशानंतर नव्या कॉलेजातच भरतात, त्याला मूळ टीसी आणि मूळ मायग्रेशन जोडावं लागतं.

पहिलं काम आजच करा. यूयूसीएमएसच्या (कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या ऑनलाइन पोर्टलच्या) लॉगिनमध्ये तुमचं नाव दहावीच्या मार्क्स कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळतं का बघा. इकडे इंग्रजीत 'ज्योती'च्या टीपुढे एच लागतो, तिकडे लागत नाही. इकडे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असतं, तिकडचा फॉर्म आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं पूर्ण मागतो. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज शेवटच्या सेमिस्टरचं मार्क्स कार्ड निघण्याआधी कॉलेजातूनच द्या. नंतर सहाही कार्डं दुरुस्त करायची वेळ येते आणि त्यात प्रवेशाची मुदत निघून जाते. एबीसी आयडी (तुमची क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर) १२ अंकी असतो, तो सगळ्या विद्यापीठांना एकच. कोल्हापूरला नवीन काढू नका, आहे तोच द्या. दोन झाले तर क्रेडिट दोन ठिकाणी विभागली जातात.

कोल्हापूरचा ऑनलाइन अर्ज निकालाची वाट न बघता भरा, पाच सेमिस्टरचे गुण टाकून. निकाल लागला की लायब्ररीचं ना देय (काही बाकी नसल्याचं पत्र) घेऊन टीसी काढा. मायग्रेशनचा अर्ज मात्र प्रवेश यादीत नाव आल्यावरच करा. बेळगावातच एम.कॉम. करायचं ठरलं तर ते लागतच नाही आणि फी वाया जाते. नाव आलं की मग एक दिवसही थांबू नका, कारण यात सगळ्यात जास्त वेळ मायग्रेशनलाच लागतो. प्रवेश घेताना ते हातात नसेल तर अर्जाची पावती दाखवून हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश मिळतो का ते विचारा. पण एलिजिबिलिटी अडली की पुढे परीक्षा फॉर्म अडतो, म्हणून हमीपत्रातली तारीख पाळाच.

टीसी आणि मायग्रेशन तिकडे जमा झालं की सहसा परत मिळत नाही. देण्याआधी रंगीत स्कॅन आणि चार-पाच झेरॉक्स ठेवा.

टक्क्यांचं: सीजीपीए ७.१ म्हणून थेट ७१ टाकू नका. सहा सेमिस्टरच्या मिळालेल्या गुणांची एक आणि एकूण गुणांची एक अशा दोन बेरजा करा, पहिलीला दुसरीने भागा, शंभराने गुणा. उदाहरणार्थ ४२०० पैकी २६०४ असतील तर ६२ टक्के. कागद तपासताना हाच हिशेब होतो आणि फॉर्ममधला आकडा जास्त निघाला तर गुणवत्ता यादीतली जागा जाते.

निपाणी_नाका:
वरच्या उत्तरात सीमाभागाचं राहिलं. शिवाजी विद्यापीठाने ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांसाठी अधिविभागांत, म्हणजे कॅम्पसवरच्या विभागांत, वेगळ्या जागा आणि फी सवलत ठेवली आहे. संलग्न कॉलेजात तीच सवलत धरून चालू नका, त्या कॉलेजात विचारा. गावाचं नाव महसुली गावाप्रमाणे जुळायला हवं. वाडीचं किंवा नव्या कॉलनीचं नाव यादीत सापडत नाही, तेव्हा जमिनीच्या उताऱ्यावरचं नाव वापरा. रहिवास आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, दोन्ही त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच घ्या. शाळेच्या लेटरहेडवर आपल्या शब्दांत लिहून आणलेला दाखला परत पाठवतात. एमबीए, एमसीएसारख्या सीईटीच्या प्रवेशातही सीमाभागाचा वेगळा प्रकार असतो, तिथेही हेच कागद.

३बी चा दाखला मात्र महाराष्ट्रात आरक्षणाला चालत नाही. कर्नाटकची यादी कर्नाटकापुरती, अर्ज खुल्या गटातूनच भरा. अनुसूचित जातीच्या मुलांनाही जागेचं आरक्षण तिकडे मिळत नाही, पण केंद्राची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती गृहराज्य देतं, म्हणून त्यांनी चौकशी बेळगावच्या समाजकल्याण कार्यालयात करावी.

नाडकचेरीतले (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातले) दाखले कानडीत असतील तर मराठी किंवा इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून जोडा. अर्ज करतानाच इंग्रजी प्रत मिळेल का विचारलं तर हा खर्च वाचतो.

खानापूर_बीकॉम:
दोघांचेही आभार, दादा. आणखी एक, रोज येऊन-जाऊन करता येईल का? कर्नाटकाच्या शक्ती योजनेतला महिलांचा मोफत बसप्रवास कोल्हापूरपर्यंत धरता येतो का?

निपाणी_नाका:
खानापुरातून रोज जमणार नाही, खोली किंवा हॉस्टेलच बघा. बेळगाव ते कोल्हापूरच सुमारे ११० किलोमीटर आहे, त्यात ७५ टक्के हजेरी सांभाळायची. शक्ती योजना कर्नाटकाच्या हद्दीतली, आंतरराज्य बसला नाही. शनिवार-रविवारी घरी जाताना-येताना बेळगाव–निपाणी राज्यातल्या बसने मोफत होतं, निपाणीपासून पुढचं तिकीट काढायचं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच.

परीक्षेच्या किंवा कागद जमा करायच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात मुक्कामाला असा. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमावादामुळे दोन्हीकडच्या बस बंद झाल्या होत्या. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन) आसपासही हे लक्षात ठेवा. अशा वेळी कर्नाटकाची बस हद्दीजवळच्या निपाणी-कोगनोळीपर्यंत येते का, एवढं आधी डेपोत फोन करून विचारा.