रानडुकरांनी भात लोळवलं, बंदूक घेऊन बसू का?

भातखाचर_लांजा
राम राम मंडळी. दाणा दुधात भरलाय आणि डुकरांच्या कळपाने दोन खाचरं झोपवली. खाल्लं थोडं, तुडवलं फार. बांधही मुसंडीने उकरून ठेवलेत. बुजगावणं, जुन्या साड्या, फटाके सगळं झालं. चार दिवस बिचकतात, मग सरावतात. शेजारी म्हणतात, तार ओढ आणि मीटरवरून लाइन सोड. ते मला पटत नाही. वडिलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. मी राखणीला बसलो तर चालेल का?

माळ्यावरचा_कुडाळ
दादा, परवान्यावर तुमचं नाव नसेल तर बंदुकीला हात लावू नका. वडिलांनाही तो परवाना बंदूक बाळगायला आहे, डुक्कर मारायला नाही. इथेच बरेच जण अडकतात. २०२२ च्या दुरुस्तीपासून रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली लेखी परवानगी मिळते. रेंजर साहेबांकडे अर्ज, सातबारा आणि फोटो घेऊन जा. कागद हातात येईपर्यंत बार नाही. मेलेलं डुक्कर कलम ३९ प्रमाणे सरकारचं. वाडीत मटणाचे वाटे पडले की गुन्हा झालाच.

आता बसायचं कसं. डुकराची नजर बेताची, पण नाक विलक्षण तिखट. वारा त्याच्याकडून तुमच्याकडे येईल अशीच जागा धरा. विडी-सिगारेट अजिबात नाही. माळा, म्हणजे राखणीचा मचाण, उंच हवा, म्हणजे गोळी वरून खाली येऊन जमिनीत जाते. सपाटीवरून आडवा बार कधीही टाकू नका, पलीकडच्या खाचरातही कोणीतरी राखणीला बसलेलं असतं. नुसत्या खसफशीवर बार टाकल्याने कोकणात माणसं गेलीत. बॅटरीच्या उजेडात अख्खं जनावर दिसल्याशिवाय घोड्यावर बोट नको. आणि जखमी एकुला (कळपाबाहेरचा एकटा नर) करवंदीच्या जाळीत शिरला तर रात्री मागे जायचं नाही. सुळ्याने मांडी फाडतो तो.

धानपट्टा_ताई
भाऊ, तारेचं नाव काढू नका. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात अशा तारांनी वाघ मेले, शेतकरीही मेले. पाणी बघायला पहाटे गेलेला माणूस घरी परतत नाही. खाण्यात लपवून ठेवलेला गावठी बॉम्बही तसाच, गाईचा जबडा फुटतो. २०२० मध्ये केरळात गाभण हत्तीण अशाच स्फोटकाने तडफडून मेली.

सौर कुंपण करा. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा, नाहीतर ते खालून घुसतं. तारेला गवत टेकलं की करंट उतरतो, म्हणून पावसाळ्यात विळा घेऊन रोज फेरी मारावीच लागते. आम्ही श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून घेतलं; तेव्हा ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यात जे कमी ते अनुदान होतं. तुमचं गाव यादीत आहे का, ते वनविभागात विचारा.

भातखाचर_लांजा
ताई, काका, मनापासून आभार. उद्याच अर्ज देतो. लोळलेलं भात तेवढं कापून घेऊ का? पावसात कुजतंय.

माळ्यावरचा_कुडाळ
नको! आधी भरपाईचा अर्ज. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत द्यायचा असतो. पंचनामा होईपर्यंत खुरांचे ठसे आणि लोळलेलं भात जसंच्या तसं राहू दे.