भागीदारीतील फराळाचे दुकान: पीटीईसी, पीटीआरसी, जीएसटी आणि मिळकतकर यांपैकी नेमके आमच्याकडे काय लागते?

फराळवाला (प्रश्न)

नमस्कार. पत्नी, वडील आणि मी अशा तिघांच्या भागीदारीत पुणे महापालिकेच्या हद्दीत ऑगस्ट २०२३ पासून फराळाचे एक लहान दुकान चालवत आहोत. गाळा भाड्याचा आहे. कामाला दोन स्त्रिया असून त्यांना प्रत्येकी १४,००० रुपये पगार आहे, तर तळणीवर असलेल्या एका पुरुष कामगाराला १६,००० रुपये मिळतात. वर्षाची उलाढाल साधारण ३२ लाखांच्या घरात जाते. गेल्या दसऱ्यापासून दुकानापुढच्या जागेत दोन टेबले मांडून सकाळी मिसळ आणि चहा देऊ लागलो, आणि दिवाळीत हैदराबादमधील ओळखीच्या कुटुंबांना साठ-सत्तर डबे कुरियरने पाठवले.

आतापर्यंत आम्ही केवळ दुकाने व आस्थापना कायद्याखालील ऑनलाइन सूचना देऊन तिची पावती घेतली होती आणि सगळी सरकारी पूर्तता तेवढ्यात झाली, असे समजून चाललो होतो. मागच्या महिन्यात बँकेने कर्जाच्या कागदपत्रांत पीटीईसी, म्हणजे व्यवसाय कराच्या नावनोंदणीचे प्रमाणपत्र, मागितले, तेव्हा आम्ही एका कर सल्लागाराकडे गेलो. त्यांनी एका चिठ्ठीवर जे लिहून दिले ते असे: तिघे भागीदार आणि भागीदारी संस्था मिळून चार पीटीईसी, वर्षाला १०,००० याप्रमाणे तीन वर्षांचे ३०,००० रुपये, तिन्ही कामगारांसाठी पीटीआरसी (पगारातून कापायच्या व्यवसाय कराची नोंदणी), "एलबीटी (स्थानिक संस्था कर) थकबाकी" म्हणून एक ठोक रक्कम, गाळ्याचा मिळकतकर, आणि "जीएसटीची गरज नाही, ४० लाखांपर्यंत माफ आहे" असा शेरा.

पैसे भरण्यास आमची ना नाही, परंतु कोणता कर राज्याचा, कोणता महापालिकेचा आणि कोणता आमच्यावर लागूच होत नाही, हे समजल्याशिवाय भरावेसे वाटत नाही. वडिलांचे वय ६८ आहे आणि पत्नीच्या नावावर दुसरे उत्पन्न नाही. स्त्रियांना २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर माफ असल्याचे वाचनात आले आहे, तर ती माफी पत्नीला मिळेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त_लेखनिक

आपल्या सल्लागारांच्या चिठ्ठीत बरोबर आणि चूक यांची सरमिसळ झालेली आहे, म्हणून आधी व्यवसाय कर वेगळा काढू. हा कर राज्य सरकारचा आहे. १९७५ च्या राज्य कायद्याने तो आकारला जातो आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मुळे एका व्यक्तीवर वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक बसवता येत नाही. ही मर्यादा पूर्वी २५० रुपये होती व १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती वाढली. त्यानंतर ती जागची हललेली नाही, हे एका परीने व्यावसायिकांच्या पथ्यावरच पडले आहे.

नावे सारखी असल्यामुळे पीटीईसी आणि पीटीआरसी यांत नेहमी घोळ होतो. व्यवसाय करणाऱ्या माणसाने स्वतःचा कर स्वतः भरावा यासाठी पीटीईसी असते. मालकाने कामगारांच्या पगारातून कर कापून तो सरकारजमा करावा यासाठी पीटीआरसी असते. त्यामुळे भागीदारीत पीटीईसी प्रत्येक भागीदाराची वेगळी निघते आणि संस्थेच्या नावे निघत नाही. पीटीआरसीचे बरोबर उलटे आहे, कारण पगार देणारी मालक ही संस्था असते आणि म्हणून ती नोंदणी संस्थेच्या नावे होते. चौथी पीटीईसी चिठ्ठीतून खोडून टाका.

वडिलांचेही नाव खोडा. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला या करातून सूट आहे आणि दुकान उघडले तेव्हाच त्यांनी ती ओलांडलेली होती. पत्नीच्या बाबतीत मात्र आपली निराशा करावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली २५,००० रुपयांची सवलत पगारदार स्त्रियांसाठी आहे. भागीदार म्हणून व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकाच, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कर आहे. म्हणजे उरलात आपण दोघे. २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ अशी तीन आर्थिक वर्षे धरली तर दोघांचे मिळून १५,००० रुपये मूळ कर होतो. चिठ्ठीतील ३०,००० च्या तो बरोबर निम्मा आहे. उशिराबद्दलचे व्याज त्यावर वेगळे लागेल आणि ते टाळता येणार नाही. नावनोंदणी मेअखेरच्या आत झाली, तर चालू वर्षाचा कर ३० जूनपर्यंत भरायचा असतो, तेव्हा त्या तारखेकडे लक्ष ठेवा.

आता कामगार. दोन्ही स्त्रियांचा पगार २५,००० च्या आत असल्याने त्यांच्याकडून काहीही कापायचे नाही. पुरुषांसाठी दरमहा ७,५०० पर्यंत कर नाही, ७,५०१ ते १०,००० या टप्प्यात १७५ रुपये आहेत आणि त्यापुढे २०० रुपये असून फेब्रुवारीत मात्र ३०० कापायचे असतात. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून २,५०० होतात. फेब्रुवारीचा हा जास्तीचा शेकडा केवळ घटनेतली कमाल रक्कम गाठण्यासाठी आहे. तळणीवरच्या त्या एका कामगारामुळे आपल्याला पीटीआरसी घ्यावीच लागते. आजवर त्याच्या पगारातून कर कापला नसला तरी जबाबदारी टळत नाही, कारण कायद्याने मालकाला कर भरण्यास बांधील धरले आहे, मग त्याने तो कापलेला असो वा नसो. मागचे पैसे आता त्या माणसाकडून एकदम वसूल करू नयेत, असे मला वाटते. ती चूक त्याची नव्हती.

विवरणपत्राबाबत नवख्या मालकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. ज्याचा वार्षिक कर एक लाखाच्या आत आहे, त्याला एरवी वर्षातून एकदाच, ३१ मार्चपर्यंत विवरणपत्र द्यायचे असते. परंतु नोंदणीच्या पहिल्या आर्थिक वर्षात ते दरमहा द्यावे लागते. महिन्याला २०० रुपयांचाच कर आहे म्हणून ते राहून गेले, तर विलंब शुल्क कराहून मोठे होऊन बसते. दोन्ही नोंदण्या महाजीएसटीच्या संकेतस्थळावर स्वतः करता येतात आणि चलनही तेथेच निघते.

जमाखर्च

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु खरा धोका "जीएसटीची गरज नाही" या एका ओळीत आहे, आणि आपल्या प्रश्नातील दोन साधी वाक्ये वाचून मी थबकलो.

चाळीस लाखांची मर्यादा आपल्या राज्यात आहे हे खरे, पण ती केवळ वस्तूंचाच पुरवठा करणाऱ्यांसाठी आहे. चिवडा, चकली, लाडू पाकिटात भरून विकणे हा वस्तूंचा पुरवठा झाला. टेबलावर मिसळ आणि चहा देणे ही मात्र कायद्याच्या दृष्टीने उपाहारगृहाची सेवा ठरते, आणि ती सुरू झाल्याबरोबर आपण "केवळ वस्तू विकणारे" राहत नाही. मग २० लाखांची मर्यादा लागू होते आणि ती मोजताना फक्त मिसळीचा गल्ला नव्हे, तर त्या पॅनवरची संपूर्ण उलाढाल धरली जाते. आपली ३२ लाख आहे. त्या दोन टेबलांनी आपल्याला मर्यादेच्या वर नेऊन बसवले.

दुसरी गोष्ट हैदराबादच्या डब्यांची. राज्याबाहेर वस्तू पाठवून विकणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. हस्तकलेच्या वस्तूंना त्यातून सवलत आहे, फराळाला नाही. परदेशातल्या मुलाबाळांसाठी डबे पाठवणारे पुष्कळ घरगुती व्यावसायिक येथेच अडकतात, कारण निर्यात हाही आंतरराज्य पुरवठाच मानला जातो. मुलीला मायेने पाठवलेला डबा वेगळा आणि गिऱ्हाईकाकडून पैसे घेऊन पाठवलेला डबा वेगळा, हे मात्र लक्षात ठेवावे.

आता नोंदणी कोणत्या पद्धतीने करावी? कंपोझिशन या लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या योजनेत दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर वस्तू बनवणाऱ्यांना व विकणाऱ्यांना १ टक्का आणि उपाहारगृहांना ५ टक्के भरावे लागतात. दर तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ हे कर भरण्याचे पत्रक भरायचे आणि वर्षाअखेरीस एक विवरणपत्र द्यायचे, एवढीच कटकट. परंतु हा कर गिऱ्हाईकाच्या बिलात लावता येत नाही, तो आपल्या नफ्यातून जातो, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. हैदराबादचे डबे चालू ठेवायचे असतील तर ही वाट बंद आहे. नियमित नोंदणीत लिखापढी अधिक आहे, मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आल्यामुळे गिऱ्हाइकाला किंमत पूर्वीइतकी टोचणार नाही.

माझे मत विचाराल तर मिसळीतून खरोखर काय सुटते याचा हिशेब आधी मांडा. दिवसाला पंधरा-वीस प्लेटांसाठी ही सगळी यातायात करण्यात अर्थ नाही. डब्यांचा धंदा मात्र वाढणारा आहे, आणि त्यासाठी नियमित नोंदणी घेणे मला शहाणपणाचे वाटते. जीएसटीचा अर्धा भाग राज्याच्या तिजोरीत व अर्धा केंद्राच्या तिजोरीत जातो; राज्याबाहेरच्या विक्रीवर मात्र आयजीएसटी, म्हणजे एकात्मिक जीएसटी, लागतो. आपल्याला पोर्टल एकच आहे.

फराळवाला

दोघांचेही मनापासून आभार. टेबलांचा मुद्दा ऐकून घरात शांतता पसरली आहे, कारण ती कल्पना वडिलांची होती. नोंदणीसाठी या आठवड्यातच अर्ज करतो. एलबीटी आणि गाळ्याचा मिळकतकर या दोन रकमांबद्दल कोणी सांगू शकेल का? भाडेकरारात कराचा उल्लेखच नाही.

गाळेधारक

एलबीटीची रक्कम मुळीच भरू नये. जकातीच्या जागी आलेला हा स्थानिक संस्था कर पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून सुरू झाला. वार्षिक उलाढाल ५० कोटींच्या आत असलेल्या व्यापाऱ्यांसाठी तो १ ऑगस्ट २०१५ पासून बंद झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलेलाही संपला. बुडालेल्या उत्पन्नापोटी राज्य सरकार महापालिकांना भरपाई देते आणि त्यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. २०२३ साली उघडलेल्या दुकानावर त्याची थकबाकी असणे शक्यच नाही. सल्लागारांचा छापील तक्ता जुना असावा, असा चांगला अर्थ मी लावतो.

मिळकतकर हा मात्र खराखुरा महापालिकेचा कर आहे. जागा भाड्याने दिलेली असल्यास तो भरण्याची पहिली जबाबदारी गाळामालकाची असते. करारात काही लिहिलेले नसताना तो आपण आपणहून भरू नये. मालकाने थकवला तर महापालिका भोगवटादाराकडे बिल पाठवू शकते, पण अशा वेळी भरलेली रक्कम भाड्यातून वळती करून घेण्याचा हक्क आपल्याला आहे. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढत जाते, म्हणून गाळ्याचा मिळकत क्रमांक मालकाकडून घेऊन महापालिकेच्या संकेतस्थळावर थकबाकी आहे का, ते आजच पाहून ठेवा. व्यापारी वापराच्या जागेला घराहून चढा दर असतो, त्यामुळे रक्कम लहान नसते.

जाता जाता एक विचारतो. दुकान काढण्यापूर्वी आपण घरूनच फराळ करत होता का, आणि राहते घर स्वतःचे आहे का? असल्यास त्या बिलावर स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत धरलेली आहे ना, ते पाहा. मध्यंतरी ती बंद झाली होती व २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्यांची सुटली होती त्यांना त्यासाठी पीटी-३ अर्ज द्यावा लागला. ही सवलत राहण्याच्या वापरासाठी आहे, तेव्हा तळणी पुन्हा घरात नेण्याचा विचार असेल तर तो करू नका.

फराळवाला

घर स्वतःचे आहे आणि बिलात सवलत दिसते आहे. गाळामालकांना फोन केला; मागच्या वर्षाचे बिल भरलेले असून चालू वर्षाचे ते मेअखेरच्या आत भरणार आहेत. करारात कराचे कलम घालून तो नव्याने नोंदवण्यास ते तयार आहेत. मिसळ या रविवारपासून बंद करत आहोत. टेबले वडिलांनी माळ्यावर ठेवू दिलेली नाहीत, ती तूर्त डबे भरण्याच्या कामी येत आहेत.