विहिरीत पाषाणाखाली पुन्हा माती कशी लागली?

प्रश्न (मोहोळ तालुका, सोलापूर):
आमच्या शेतात विहिरीचे काम सुरू आहे. काळी माती चार फुटांत संपली, मग मुरूम आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे निघाले, त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण लागला. मात्र पाषाणाच्याही खाली हातभर तांबडी माती आणि नंतर पांढऱ्या खड्यांनी भरलेला मांजऱ्या खडक आला. हे कसे घडले असावे?

उत्तर १:
आपल्या विहिरीत लाव्हाचे दोन थर दिसत आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून पुनःपुन्हा वाहिलेल्या लाव्हापासून दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, बनला. प्रत्येक थराचा वरचा भाग लवकर थिजल्याने वायूचे बुडबुडे त्यात अडकतात आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्यातील झिओलाइट, कॅल्साइट यांसारखी खनिजे त्या पोकळ्यांत साचतात. तेच आपले पांढरे खडे. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला की उघड्या पृष्ठभागाची माती होते, तिच्यातील लोह गंजून ती तांबडी पडते आणि पुढचा लाव्हा तिच्यावर पसरतो. आपण कोट्यवधी वर्षांपूर्वीची जमीन उघडी केली आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

उत्तर २:
गोट्यांविषयी लिहितो. पाषाणाच्या सांध्यांत पाणी शिरते आणि कोपऱ्यांवर ते अनेक बाजूंनी काम करत असल्यामुळे कोपरे आधी झिजून गोटा गोल होतो. त्याचाच पुढे मुरूम आणि शेवटी आपली काळी माती होते. हीच माती सीना आणि भीमा वाहून नेतात. असा गाळ साचून, दबून पुन्हा खडक होतो. आपल्या घरांतील शहाबादी फरशी हा असाच, समुद्रतळाशी साचलेला चुनखडक असून तो आपल्या बेसाल्टपेक्षा पुष्कळ जुना आहे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. मग या बेसाल्टच्या तळाशी काय आहे?

उत्तर १:
१९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात किल्लारीला खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा सुमारे ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि प्रचंड उष्णता व दाबाखाली रूपांतरित झालेला, २०० कोटी वर्षांहूनही जुना खडक लागला. असा खडक खूप खोलवर घडतो. म्हणजे लाव्हा येण्याआधीच त्याच्यावरचा कित्येक किलोमीटरचा भार झिजून गेला होता.

तांबडा पट्टा पाण्याने ढासळतो, म्हणून तिथे बांधकाम करावेच. पण त्याआधी त्याचे छायाचित्र येथे अवश्य द्यावे.