टार्सल कोएलिशन (पावलातली हाडं एकमेकांना जुळलेली असणं): लेकीच्या पायाचं ऑपरेशन करावं का?

प्रश्न (कोथरूड): लेक 13 वर्षांची. पर्वतीच्या पायऱ्या उतरताना घोट्याखाली कळ येते, पाऊल आत वळतच नाही. सीटी स्कॅनमध्ये टाचेचं हाड आणि नॅव्हिक्युलर (घोट्यापुढचं पावलातलं हाड) यांच्यात हाडाचा पूल दिसला. जीव थाऱ्यावर नाही. लगेच ऑपरेशन करावं लागेल?

उत्तर: ताई, घाई नको. आधी काही आठवडे प्लास्टर, मग बुटात घालायचा इनसोल. दुखणं थांबलं तर पूल राहू देतात. माझ्या भाच्याचं थांबेना, म्हणून पूल काढला. हाड पुन्हा जुळू नये म्हणून मधे चरबी भरली. सांधा झिजला असेल तर मात्र हाडं कायमची जोडतात.

प्रश्नकर्ती: झीज नाही म्हणाले. टाच बाहेर झुकलीय.

दुसरं उत्तर: किती झुकलीय ते विचाराच. जास्त असेल तर नुसता पूल काढून भागत नाही, टाचही सरळ करावी लागते.