‘लाईन काढ’ म्हणजे काढू की काढून टाकू? कॅडमधल्या ‘डिलीट’साठी मराठी शब्द

जळगाव, पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवतो :

‘काढणे’ची पंचाईत अशी की मराठीत चित्रही काढतात आणि काटाही काढतात. कागदावर शिकवताना हे चालून जायचं, कारण हातात पेन्सिल आहे की रबर ते समोर दिसायचं. कॅडच्या, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग करायच्या, लॅबमध्ये ‘सेंटरची लाईन काढ’ म्हटलं की एक मुलगा नवी रेघ मारतो, दुसरा असलेली डिलीट करतो, आणि दोघंही बरोबर असतात. घरी अहिराणी बोलणारी मुलं मग विचारतात, ‘सर, काढू का काढी टाकू?’ प्रश्न अगदी रास्त आहे.

संगणकाच्या मराठीत ‘हटवा’ रुळलाय. मला तो पुरेसा वाटत नाही. रस्त्यावरची गर्दी हटवली तरी माणसं कुठेतरी असतातच. कॅडमध्ये ‘मूव्ह’ ही वेगळी कमांड आहे, त्यामुळे ‘हा होल हटव’ ऐकून मुलं तो चार मिलिमीटर बाजूला सरकवतात. शिवाय कॅडमधलं डिलीट एक नाहीच. रेघ जाणं, फीचर (म्हणजे मॉडेलवरचा होल, रिब असा एखादा आकार) जाणं, असेम्ब्लीतून (म्हणजे पार्ट जोडून केलेल्या मॉडेलमधून) पार्ट निघणं आणि डिस्कवरून फाईल जाणं, या चारही गोष्टींना एकच शब्द वापरला तर शिकणाऱ्याला धोका कुठे आहे ते कळतच नाही. तुमच्याकडे काय बोलतात?

जळगाव एमआयडीसी, टूलरूम :

सर, आमच्याकडे सरसकट ‘उडव’. ‘ती रिब (आधाराची पट्टी) उडव’, ‘तो फिलेट (गोल केलेला कोपरा) उडव’. या शब्दात एक सोय आहे. ‘उडवली’ म्हटलं की कुणीतरी जाणून केलं, ‘उडाली’ म्हटलं की नकळत गेली. सकाळी ‘फाईल उडाली’ ऐकलं की पुढे काय विचारायचं ते लगेच ठरतं.

पण फाईलींच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. आम्ही ठिबकच्या फिटिंगचे साचे करतो, काम क्रिओ या कॅड सॉफ्टवेअरवर. समजा एल्बोचा, म्हणजे पाईप वळवायच्या जोडाचा, पार्ट आहे. क्रिओ सेव्ह करताना जुन्या फाईलवर नवी चढवत नाही, नावाच्या शेवटी १, २, ३ असा पुढचा आकडा लावून नवी फाईल करतं. संध्याकाळपर्यंत फोल्डरमध्ये त्याच एल्बोची रांग लागते. आता इथे ‘ईरेज’ केलं तर पार्ट फक्त मेमरीतून जातो. डिस्कवरच्या फाईलला धक्का लागत नाही, सेव्ह न केलेले बदल मात्र गेले. ‘डिलीट ओल्ड व्हर्जन्स’ केलं तर शेवटचा आकडा राहतो, मागचे जातात. आणि ‘डिलीट ऑल व्हर्जन्स’ केलं तर एल्बोच गेला, तिथे अनडू नाही.

नवीन पोराला ईरेज म्हणजे ‘पुसणे’ सांगितलं तर तो त्या बटणाला हातच लावत नाही. मग मेमरीत सकाळचा एल्बो तसाच पडून राहतो आणि दुसऱ्या फोल्डरमधला त्याच नावाचा पार्ट उघडायला गेलं की तोच पुढे येतो. म्हणून आम्ही ईरेजला ‘उतरव’ म्हणतो. साचा मशीनवरून उतरवला तरी रॅकवर असतो, तसंच हे. डिस्कवरून जाणार असेल तेव्हाच ‘डिलीट मार’, आणि ते सुद्धा मोठ्याने विचारून.

धुळे, बांधकामाचे नकाशे करते :

दादा, ‘उतरव’ क्रिओपुरता झकास आहे, पण ऑटोकॅड या नकाशांच्या सॉफ्टवेअरचं ईरेज निराळं. तिथे ईरेज केलं की वस्तू ड्रॉइंगमधून खरोखर जाते. चुकून गेली तर ‘ऊप्स’ ही कमांड शेवटच्या ईरेजमध्ये गेलेलं परत आणते. ऑटोकॅड १९८२ साली आलं, ते बोर्डवर काम करणाऱ्यांसाठी, त्यामुळे ईरेजमागे रबरच आहे. इथे ‘खोडणे’ चपखल बसतं, खोडरबर हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहेच. ‘छाटणे’ मात्र ट्रिमसाठी राखून ठेवावं, कारण त्यात रेघ उरते, फक्त पुढे आलेलं टोक जातं.

ऑटोकॅडच्या ‘पर्ज’ या कमांडला मी शब्द शोधत बसले नाही. ‘पर्ज मारून पाठव’ हे इथल्या प्रत्येक ऑफिसात बोललं जातं आणि कळतं. मुलांना शब्दापेक्षा एक गोष्ट सांगायला हवी : पर्जने नकाशात दिसणारी एकही रेघ जात नाही. न वापरलेले ब्लॉक, लेयर, लाईनटाईप, टेक्स्ट स्टाईल यांच्या व्याख्या तेवढ्या जातात. ० नावाचा लेयर तर कधीच जात नाही. पर्ज केल्यावर पडद्यावर काहीच बदललं नाही म्हणून मुलं पुन्हा पुन्हा मारत राहतात.

मला खरी अडचण आहे ती ‘सप्रेस’ची. सॉलिडवर्क्स या थ्रीडी कॅडमध्ये फीचर सप्रेस केलं की ते ट्रीमध्ये (बाजूच्या फीचरच्या यादीत) करड्या रंगात राहतं, पण मॉडेलच्या हिशेबात धरलं जात नाही. ‘दडपणे’ म्हणवत नाही. ‘लपवणे’ तर साफ चूक, कारण ‘हाईड’ केलेल्या पार्टचं वजन धरलं जातं आणि सप्रेस केलेल्याचं नाही.

यावल, केळीची शेती, फावल्या वेळात फॅब्रिकेशनची ड्रॉइंगं :

ताई, सप्रेसला ‘कंस करणे’ म्हणा. सातबाऱ्यावर मयत खातेदाराच्या नावाला कंस व्हायचा. नाव वाचता यायचं, पण त्याचा हक्क उरलेला नसायचा. आताच्या नव्या नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेघ असते, तरी तलाठी कार्यालयात लोक ‘कंस झाला का?’ असंच विचारतात. फीचरला कंस केला, कंस काढला. आमच्याकडच्या पोरांना यापेक्षा जास्त समजवायची गरज पडणार नाही.

जळगाव, पॉलिटेक्निक :

भाऊ, ‘कंस’ मला मनापासून पटला. अडचण एकच, ‘कंस काढला’मध्ये पुन्हा तोच ‘काढणे’. तिथे ‘कंस सोडवला’ म्हणू या.

असेम्ब्लीतून पार्ट डिलीट करणं राहिलं. त्याला मी यापुढे ‘खोलणे’ म्हणणार. गॅरेजमध्ये बोल्ट खोलतात, बोल्ट नष्ट होत नाही. असेम्ब्लीतून बोल्ट डिलीट केला तरी बोल्टची फाईल फोल्डरमध्ये शाबूत असते, हे त्या एका क्रियापदात येतं.

टूलरूम :

सर, ‘खोलणे’ नको. आमच्याकडे ‘फाईल खोल’ म्हणजे ओपन कर. ‘बोल्ट खोल’ ऐकून पोरगा बोल्टची फाईल उघडून बसेल. ‘सुटा कर’ चालेल. आणि ‘वगळणे’ कुठे खर्च करू नका. पार्ट असेम्ब्लीत ठेवायचा पण बिल ऑफ मटेरियलच्या यादीत धरायचा नाही, त्याला आम्ही ‘यादीतून वगळ’ म्हणतो, आणि परचेसवाल्यांनाही तेवढंच कळतं.