मदत बंद नको, कमी करत न्या

मुलांना अडचणीत एकटं सोडलं की ती आपोआप स्वावलंबी होतात, हे मत मला पटत नाही. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला होता. शिकवणारी आधी मुलाला स्वतः करू द्यायची, अडलं तर तोंडी सुचवायची, तेवढ्यानंही जमलं नाही तरच हात लावायची. खरी मेख या क्रमात आहे.

परवा कोथरूडला आमच्या सोसायटीत शेजारच्या छोटीच्या सायकलची चेन पडली. तिचे बाबा जवळ उकिडवे बसले, मागचं चाक तेवढं उचलून धरलं. "कुठून निसटलीय ते बघ आधी." तिनं चेन दातांवर अडकवून पेडल फिरवलं, पुन्हा निसटली. डोळे भरले तरी बाबा गप्पच. (हे गप्प बसणं फार अवघड असतं!) मग तिनं चेन बोटानं दाबून धरली, पेडल हळूहळू फिरवलं आणि बसली की!

मुलांच्या संयमाआधी आपला लागतो. शाळेची व्हॅन खाली हॉर्न देत असताना बुटाची नाडी शिकवायला जाऊ नका. त्यासाठी रविवारची सकाळ ठेवा.